यादी कुठे संपते

४ डिसेंबर

समुद्रापलीकडच्या सुवा शहरातून कॉम्प्युटर शिकून आमच्या गिझो बेटावर परत आले तेव्हा वाटलं होतं, रेडिओ स्टेशनात आपल्या डोक्याला काम मिळेल. मिळालं ते प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचं. आज मात्र स्टेशनप्रमुख मार्जोरी मॅडमनी खोलीत बोलावून सांगितलं, "डेल्मा, गावोगावहून निरोप येतात ना, त्यांचं काहीतरी कर बाई. नाहीतर ओबेडचे डोळे जातील एक दिवस."

खरंच आहे ते. जहाज कधी सुटणार, कोण वारलं, कुणाची आई इस्पितळात आहे, सगळं लोक फोनवरून आपल्या मनाला येईल तसं लिहून पाठवतात. कुणी सगळी अक्षरं मोठी लिहितो, कुणी आधी बायबलातलं एक वचन, मग पाद्रीबुवांना नमस्कार आणि शेवटी मुद्दा. ओबेड काका चष्मा कपाळावर नि कागद नाकाला लावून ते उलगडत बसतात, आणि मग माईकसमोर गेले की असं वाचतात की जणू त्यांनीच लिहिलंय. सगळ्या बेटांना त्यांचा आवाज पाठ आहे.

मी ठरवलंय, साध्या मजकुरात दोन-चार खुणा ठरवून द्यायच्या. कुठल्याही फोनवर लिहिता येतील अशा. पुढचं माझा प्रोग्राम बघेल, आणि काकांसमोर पडद्यावर स्वच्छ मोठ्या अक्षरांत मजकूर येईल.

९ डिसेंबर

अर्धं काम झालं. शीर्षकाच्या शेवटी दोन टिंबं. यादीतल्या प्रत्येक नावाआधी आडवी रेघ. शाळामास्तरांना हे लगेच जमतं, कारण ते एरवीही तसंच लिहितात.

अडलंय ते यादीच्या शेवटाशी. यादी सुरू कुठे होते ते आंधळ्यालाही कळतं. संपते कुठे, हे प्रोग्रामला कसं सांगायचं?

चहाच्या वेळी हाच विषय निघाला. ओबेड काका म्हणाले, "फिनिस लिहायला सांग. मी हवेवर तेच म्हणतो. यादी झाली की फिनिस, मग एक घोट पाणी. तेवढ्यात लोकही श्वास घेतात."

मला हसूच आलं. म्हटलं, "काका, तुमच्या गावात फिनिस नावाचा माणूस आहे म्हणाला होतात ना?"

"आहे की! आठवा मुलगा. आता संपलं म्हणून बापाने वैतागून नाव ठेवलं फिनिस. त्यानंतर आणखी दोन झाले!"

"मग त्याचं नाव यादीत आलं तर यादी तिथेच संपायची!"

सगळे खो खो हसले, काकाही हसले. विषय तिथेच मिटला.

मी ठरवलं: दोन कोऱ्या ओळी. एक कोरी ओळ चुकून पडू शकते, दोन पडणार नाहीत. पानावर काही दिसतही नाही, कागद कसा निर्मळ राहतो. सुवाला आमचे सर म्हणायचे, मजकुरात मध्येच शब्द घुसडणारी खूण म्हणजे पोरखेळ. मार्जोरी मॅडमनी विचारलं, "न दिसणारी खूण लोकांना दिसणार कशी गं?" मी म्हटलं, "मॅडम, परिच्छेद दिसतो की नाही? तसंच." त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्याचं मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१३ डिसेंबर

लोक यादीच्या मधेच काय काय लिहितात! "देव भलं करो", "बॅटरी संपत आली". आज नियम घातला: यादी चालू असताना रेघ नसलेली ओळ आली तर ती गाळून टाकायची. निदान काकांच्या तोंडी असला कचरा यायला नको.

१७ डिसेंबर

ब्रिस्बेनहून मदत देणारी मंडळी आली होती. मी फोनवरून निरोप पाठवला आणि दुसऱ्याच क्षणी तो पडद्यावर, सुबक. त्यातली एक बाई म्हणाली, "किती साधं आणि किती देखणं!" माझे गाल गरम झाले. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

ते गेल्यावर ओबेड काकांनी तो निरोप वाचून बघितला. वाचता वाचता सवयीने मधे म्हणाले, "बायांनो, चुलीकडे जाऊ नका, अजून नावं आहेत हं." पाहुण्यांनी हे ऐकलं असतं तर? मी जरा तोडूनच बोलले. "काका, आता पडद्यावर असेल तेवढंच वाचायचं. स्वतःचं काही घालायचं नाही. नाहीतर हे सगळं केलं कशाला?"

"बरं, पोरी," म्हणाले आणि सुपारीची पिशवी उचलून बाहेर गेले. म्हाताऱ्या माणसांना नवीन पद्धत पचायला वेळ लागतो.

११ जानेवारी

आज हायस्कूलची नावं वाचली. वर्षातली सगळ्यात मोठी संध्याकाळ. खेड्यापाड्यांतून सहावी झालेली शेकडो पोरं, आणि वसतिगृहात जागा मूठभर. नाव आलं तर पोर जहाजात बसतं. नाही आलं तर रताळ्याच्या वाफ्यात.

मी मुद्दाम बाजाराच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मासेवाल्या बायकाही गप्प होत्या. प्रत्येक टपरीतून तोच आवाज, काकांचा. एके ठिकाणी ते जरासे अडखळले, अगदी जरासे, मग पुढे वाचत गेले. कुठेतरी लांब किनाऱ्यावर कुणीतरी आरोळी ठोकली, आणि बाया हसत रडायला लागल्या.

माझ्या प्रोग्राममधून गेलेली नावं ही. घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

१२ जानेवारी

आज काय झालं ते जसं घडलं तसं लिहून ठेवते.

सकाळी शिक्षण कचेरीतून फोन. "हे काय वाचलंत तुम्ही काल? दोन याद्या होत्या! एक निवडलेल्यांची आणि एक प्रतीक्षेतली!"

मी निरोप उघडून बघितला. कारकुनाने सगळं माझ्या नियमाप्रमाणे लिहिलं होतं. पहिली यादी, दोन कोऱ्या ओळी, मग "प्रतीक्षा यादी, जागा रिकामी झाली तरच" असं शीर्षक, मग दुसरी यादी. पण तो निरोप वाटेत दुसऱ्या एका फोनवरून पुढे आला, आणि त्या फोनने दोन कोऱ्या ओळींची एकच केली. माझ्या प्रोग्रामला वाटलं यादी चालूच आहे. मग ते शीर्षक? शेवटी दोन टिंबं होती, पण यादी चालू असताना प्रोग्राम फक्त रेघ बघतो, आणि रेघ त्याला नव्हती. गाळून टाकलं. माझ्याच नियमाने.

प्रतीक्षेतल्या सगळ्या पोरांना मी काल हायस्कुलात घातलं.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मग तोंड धुऊन मॅडमना सगळं सांगितलं. ओबेड काका दारातच उभे होते. मॅडम म्हणाल्या, "आज संध्याकाळी दुरुस्ती वाचायला हवी. काय सांगायचं लोकांना?"

काका म्हणाले, "ते मी बघतो."

संध्याकाळी ते माईकसमोर बसले, मी काचेच्या अलीकडे. शांतपणे बोलले. "कालच्या वाचनात माझ्याकडून चूक झाली. डोळे म्हातारे झालेत माझे. दोन याद्या मी एक करून वाचल्या. ज्यांच्या घरी खोटा आनंद पोचवला, त्यांची मी माफी मागतो." मग दोन्ही याद्या वेगवेगळ्या वाचल्या.

मला दार उघडून आत जाता आलं असतं. दार माझ्या हाताशी होतं. मी उभी राहिले. मनाशी म्हटलं, लोकांना कोऱ्या ओळींचं काय कळणार आहे, माणसाची चूक म्हटलं की लगेच समजतं. हे मनाशी म्हणतानाच स्वतःची किळस आली. काका बाहेर आले तरी माझ्याकडे बघेनात. रागावले असणार.

१४ जानेवारी

बाजारात ओबेड काका पुढे, मी मागे. एका मासेवालीने बोनिटो उचलून त्यांच्या नाकापुढे नाचवला. "काका, हा मासा आहे की चप्पल? दिसतंय ना नीट?" दुसरी म्हणाली, "अगं, त्यांना एकदम दोन दिसतील, पैसेही दोनाचे घे!" सगळा बाजार हसला. काकाही हसले, मासा विकत घेतला आणि गेले.

मी टपरीच्या मागून वळसा घालून आले. आई विचारते, रताळी का नाही आणलीस? काय सांगू?

२१ जानेवारी

आज शाळेचं जहाज होतं. कचेरीतल्या लोकांनी धक्क्यावर नावं तपासली. बिलिकोवाची एक मुलगी यादीत नव्हती. ब्रेंडलिन. तिच्या बापाला, सायलसना, काहीच माहीत नव्हतं. दुरुस्ती वाचली त्या संध्याकाळी अख्खं बिलिकोवा रेडिओ बंद करून जेवायला बसलं होतं. पोरीचं नाव आलं म्हणून सायलसनी डुक्कर कापलं होतं, शेजारच्या दोन गावांनाही बोलावलं होतं. ज्यांनी दुसरीकडे दुरुस्ती ऐकली, त्यांची सांगायला जीभ रेटली नाही.

धक्क्यावरून ते तडक स्टेशनात आले. डोक्यावर पोरीची पत्र्याची पेटी, मागे ती मुलगी, पायात कोरे करकरीत बूट. "रेडिओवर आलंय!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. तुम्ही वाचलंय!"

मी मागच्या खोलीत होते. खिडकीच्या पट्ट्यांमधून बघितलं. ओबेड काकांनी त्यांना बाहेर झाडाखालच्या बाकावर नेलं, पेटी स्वतः उतरवून घेतली. काहीतरी सांगत होते. सायलस आधी मान हलवत होते, मग मान हलायची थांबली. मुलगी लांब उभी, बुटांकडे बघत. वाटलं, आता ओरडतील, काकांची गचांडी धरतील. काही नाही. पेटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी खोलीतून बाहेर आले ती ते पार दिसेनासे झाल्यावर.

२४ जानेवारी

तीन दिवस नुसती खुणांच्या मागे लागलेय. जेवायचीही शुद्ध नाही. तीन रेघा ठेवाव्यात तर यादीतल्या रेघांशी घोळ होतो. चांदणी काढायला सांगावं तर काही फोनांवर ती शोधावी लागते, आणि मास्तर कंटाळून टिंब टाकतात. टिंब तर कुठेही पडतं. शेवटी काकांचाच शब्द घेतला. यादीच्या शेवटी ओळीत एकटा शब्द, फिनिस, आणि त्याच्यापुढे किती नावं झाली तो आकडा. आकडा जुळला नाही तर प्रोग्राम थांबेल आणि पडद्यावर लाल पट्टी येईल. नावाआधी रेघ असते, खुणेआधी नसते, त्यामुळे तो फिनिस नावाचा माणूसही सुखरूप. हे मला डिसेंबरात सुचायला काय धाड भरली होती? सुचलं असतं. हसण्याच्या नादात विचारच केला नाही.

रेघ नसलेली ओळ आता गाळली जात नाही. दिसते.

मॅडमना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं. "चांगली आहे. कुणालाही वाचता येईल." मग चष्मा काढून म्हणाल्या, "बिलिकोवाला कधी जाणार आहेस?"

"मी? तिथे माझं काय काम?"

त्यांनी होड्यांच्या वेळांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

२७ जानेवारी

ओबेड काका रजेवर. ऐन गर्दीत! होडी भाड्याने घेऊन कुठेतरी गेलेत म्हणे. मासेमारीला गेले असतील, म्हाताऱ्यांना हौस असते. त्यांच्या जागी वाचणारा पोरगा प्रत्येक नावाचा खून करतोय.

संध्याकाळी काकूंना विचारायला त्यांच्या घरी गेले. काकूंनी नारळाच्या दुधातला साबुकंदाचा लगदा खायला दिला, पण नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर काकांच्या आजोबांचं शिंपल्याचं कडं असतं, आज नुसता खिळा होता. घासायला काढलं असेल.

२९ जानेवारी

काका परत आले. मासे एकही नाही.

मी आपली चेष्टेने म्हटलं, "काय काका, समुद्र रिकामा झाला वाटतं?" त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून कडं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"बिलिकोवाला गेलो होतो. चारचौघांत माणसाची लाज गेली की नुसती तोंडाने माफी मागून भागत नाही, तुला माहीत आहे. कडं ठेवावं लागतं पुढ्यात. सायलसने घेतलं नाही."

"का?"

"म्हणाला, तुमचा आवाज मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तुम्ही समोर नसलेलं कधी वाचलं नाही. ही चूक तुमची नाही, आणि ज्याची नाही त्याचं कडं मी घेत नाही." काकांनी कडं परत गुंडाळलं. "मी काही बोललो नाही. तुझं नावही काढलं नाही."

मी विचारलं, "तुम्ही अंगावर का घेतलंत?"

"मला लोक चार दिवस हसतील. तू नवी आहेस. तुला पुन्हा कुणी कशाला हातच लावू दिला नसता."

"तुम्हाला त्या संध्याकाळी कळलं नाही? वाचताना?"

त्यांनी तोंडातली सुपारी गालाकडे सारली. "नावं झेडपर्यंत गेली आणि पुन्हा एपासून सुरू झाली. मी थांबलो. पडद्यावर पाहिलं, काहीच खूण नव्हती. एरवी मी म्हटलं असतं, बायांनो थांबा, मी विचारून येतो. पण तू सांगितलं होतंस, आहे तेवढंच वाचा. म्हटलं, कॉम्प्युटर शिकलेली पोर आहे, तिचंच बरोबर असेल."

मी एवढे दिवस समजत होते की ते माझ्यावर रागावलेत. ते रागावले असते तर निदान मला तोंड वर करून भांडता आलं असतं. आता मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

आईला सगळं सांगितलं. तिने एक शब्द विचारला नाही. ट्रंकेच्या तळातून तिच्या माहेरचं कडं काढलं, पुसलं आणि माझ्या उशाशी ठेवलं.

२ फेब्रुवारी

आज बिलिकोवाला जाऊन आले. मार्जोरी मॅडम सोबत येते म्हणत होत्या, मी नको म्हटलं. होडीतून उतरल्यावर पाय पुढे पडेना. होडीवाला म्हणाला, "ताई, घर ते काय, समोरच." समोरच होतं.

सायलस जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांची बायको आतून बाहेर आली. शेजारीपाजारी जमायला लागले. मी चटईवर बसले, कडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून बोलले. घोकून आणलेलं सगळं विसरले. "ती यादी मी बिघडवली. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते दिसेल अशी खूण ठेवायला मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ठेवली नाही. मला माझं काम देखणं दिसायला हवं होतं. ओबेड काकांनी बरोबर वाचलं. तुमच्या घराची लाज माझ्यामुळे गेली."

सायलसनी जाळं बाजूला सारलं. "डुकराचं काही नाही," म्हणाले. "डुक्कर पुन्हा वाढेल. मी लोकांसमोर नाचलो, बाई. माझ्या वयाचा माणूस नाचला."

तेवढ्यात ब्रेंडलिन आईच्या मागून पुढे आली. अनवाणी होती. माझ्यासमोर बसली आणि मलाच म्हणाली, "ताई, मला माफ करा. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नावं झेडपर्यंत झाली. मग परत एपासून. ओबेड काका थांबले. मला कळलं, पहिली यादी संपली म्हणून. माझं नाव त्याच्यानंतर आलं." ती भराभर बोलत होती, कित्येक दिवस तोंडात धरून ठेवल्यासारखी. "मी सांगणार होते. पण बाबा ओरडत बाहेर पळाले. मग सगळे आले. मग डुक्कर आणलं. मी तेव्हाच बोलले असते तर काही झालं नसतं. चूक माझी आहे."

सायलस लेकीकडे बघतच राहिले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"मग धक्क्यावर कशाला आलीस?" त्यांचा आवाज बसला होता. "बूट घालून?"

"तुम्ही पेटी डोक्यावर घेतली होती ना, बाबा."

तिच्या आईने तळहात तोंडाला लावला. मी सुवाला शिकले, पडद्यावर खुणा मांडल्या, तीन आठवडे तोंड लपवून बसले. आणि माझी लाज या बारा वर्षांच्या पोरीने पोटात घेऊन, नवे बूट घालून, धक्क्यापर्यंत चालत नेली. मला तिथे मोठ्याने रडू आलं. कुणी गप्प बस म्हणालं नाही, कुणी पाणीही दिलं नाही, आणि दिलं नाही तेच बरं केलं.

"चूक तुझी नाही," मी म्हटलं. "ऐक. तुझी अजिबात नाही. माझी आहे."

सायलसनी पुढ्यातलं कडं उचललं. मला वाटलं, परत देताहेत. त्यांनी ते लेकीच्या मांडीवर ठेवलं.

तिने हात लावला नाही. नुसती बघत राहिली. मग मान वर करून मला विचारलं, "हे नक्की माझंच आहे ना, ताई? नीट बघून सांगा. मग उद्या परत नाही ना घेणार?"